सोडलेलं दूध

आवाज झाला तेव्हा ईरम्मानं आधी भाकरीच्या थप्पीकडं पाहिलं.

कडक भाकरी करून विकणाऱ्या बाईचा कानच तसा होतो. कुठं कट्ट झालं की वाटतं, गेली एक भाकरी. फुटक्या भाकरीला गिऱ्हाईक नसतं. हॉटेलवाला अख्खी, गोल, पातळ भाकरी मागतो. फुटकी बाजूच्या टोपलीत जाते, आणि ती पुढं घरातल्या कुणाच्या ताटात पडते हे सांगायची गरज नाही. त्या दिवशी सकाळचे साडेनऊ झाले होते. पन्नास-पन्नासच्या दोन थप्प्या फडक्यात बांधून झाल्या होत्या आणि ईरम्मा चुलीपुढच्या पाटावरून उठत होती. पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून तिनं उजवा हात फरशीवर टेकला. एवढंच. ती पडली नाही, घसरली नाही, कुठं आपटली नाही. थप्पी शाबूत होती. मग तिनं हाताकडं पाहिलं, तर मनगट भलतीकडंच वळलेलं.

आतल्या खोलीतून खाटेवरच्या सासूनं विचारलं, "काय मोडलं ग?"

"काय न्हाई अत्ती," ईरम्मा म्हणाली. "भाकरी आसंल."

आता या बाईला काय म्हणावं? स्वतःचा हात मोडलाय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय, आणि हिला काळजी कसली, तर म्हातारीच्या जिवाला घोर नको. सोलापूरच्या बाळीवेशीतल्या त्या गल्लीत ईरम्माच्या या स्वभावाला सोशिक म्हणत. त्याला दुसरंही एक नाव आहे, पण ते चारचौघांत घेता येत नाही.

ईरम्माला साठीला दोन वर्षं कमी. नवरा शिवप्पा गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हापासून घर ईरम्माच्या दोन तळव्यांवर चाललं. पहाटे चारला चूल, ज्वारीचं पीठ, आधण, आणि मग थापट्या. शिवप्पा आठ वर्षांपूर्वी गेला. मुलगा विरेश टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, सून अंकिता शिकलेली, स्वभावानं बरी. आणि सासू मल्लव्वा, जिला ईरम्मा त्यांच्यातल्या रीतीप्रमाणं अत्ती म्हणायची. वय चौऱ्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती खाटेवर. तिचं खाणं-पिणं, धुणं-पुसणं सगळं ईरम्माकडं.

प्लास्टर घातलं त्या डॉक्टरांनी हाडांची तपासणी करून घ्यायला लावली. तिसऱ्या दिवशी त्या तपासणीचा कागद घेऊन विरेश आणि ईरम्मा दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंपुढं बसले. बाई तरुण होत्या, घाईत नव्हत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, मावशी, पाटावरून उठताना हाड मोडत नसतं. ते आधीच गेलेलं असतं, त्या दिवशी फक्त आवाज झाला.

मग त्यांनी समजावून सांगितलं. याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हाड बाहेरून दिसतं तसंच राहतं, पण आतून विरळ होत जातं, आणि दुखत नाही म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. ईरम्माच्या पाठीचे दोन मणके असेच बसले होते. उंची कमी झालीय का, असं बाईंनी विचारलं. ईरम्मा हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तिला स्वयंपाकघरातली फळी आठवली. पाच-सहा वर्षांपासून तिथल्या डब्याला हात पुरत नव्हता, पायाखाली पाट घ्यावा लागायचा. तिला वाटायचं, शिवप्पानं फळी उंच ठोकली. मेलेल्या नवऱ्याला तिनं त्यावरून कितीदा तरी बोल लावला होता.

"खाण्यात काय असतं?"

भाकरी, आमटी, कधी भाजी. सकाळी कोरा चहा.

"कोरा का? दूध किती घेता?"

विरेश भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडं बघायला लागला.

"सोडलंय," ईरम्मा म्हणाली. "देवाला."

"कधी सोडलं?"

तिनं डाव्या हातानं विरेशकडं दाखवलं. "हे तीन म्हैन्याचं व्हतं, तवा."

विरेश तीन महिन्यांचा असताना त्याला हगवण लागली होती. सिव्हिलमध्ये पाच दिवस. पोराचं डोकं खोल गेलेलं, डोळे पांढरे. तेव्हा मल्लव्वा सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन नवस बोलून आली, पोरगं वाचलं तर हिनं दूध सोडलं म्हणून समज. हिनं! स्वतःनं नव्हे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कितीसा वेळ लागतो? पोरगं वाचलं. वाचवलं सलाईननं की देवानं, ते देव जाणे. पण वीस वर्षांची बाळंतीण सून त्या दिवसापासून दूध, दही, ताक, तूप, चहातला दुधाचा थेंब, सगळ्याला मुकली. आणि कुणी तिला विचारलंसुद्धा नाही. मुकी बिचारी कुणी हाका, त्यातली गत.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पोराला अंगावर किती दिवस पाजलं, तेवढं विचारलं. ईरम्मा म्हणाली, सव्वादोन वर्षं. गर्भाशयाची पिशवी काढलीय का, कधी? अडतिसाव्या वर्षी. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मावशी, अंगावरच्या दुधाला कॅल्शियम लागतं. बाहेरून आलं नाही तर शरीर ते हाडांतून काढून घेतं. मूल दूध मागतंय, द्यावं तर लागणारच. पिशवीबरोबर बीजकोषही काढले असतील, तर त्या वयापासून हाडं आणखी भराभर झिजतात. तुमच्याकडून सगळ्यांनी फक्त घेतलंय."

औषधाची आठवड्याला एक गोळी होती. सकाळी उपाशीपोटी घ्यायची, घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. पण गोळी म्हणजे गवंडी, बाई म्हणाल्या, आणि गवंड्याला विटा कुणीतरी द्यायला हव्यात ना. दूध नको तर दही घ्या, ताक घ्या. नाचणी खा, तीळ खा, कारळ्याची चटणी खा, राजगिरा, शेवग्याचा पाला. डाळ जरा दाट करा. सकाळी उन्हात बसा हात-पाय उघडे टाकून, सोलापुरात राहून तुमच्या अंगाला ऊन नाही म्हणजे कमाल झाली. बरं झालं की रोज चालायचं. आणि आता दुसरं हाड मोडू द्यायचं नाही, कारण मोडणारं पुढचं हाड बहुतेक खुब्याचं असतं.

खुब्याचं म्हटल्यावर ईरम्माच्या डोळ्यांपुढं खाट आली. मल्लव्वाची खाट, तिच्याखालचं रबरी कापड, तो वास. मल्लव्वाचं करायला ईरम्मा आहे. ईरम्माचं कोण करणार? अंकिता करील, पण करताना ती मनात काय म्हणेल ते ईरम्माला पक्कं ठाऊक होतं, कारण गेली दोन वर्षं ती स्वतः तेच म्हणत होती.

रिक्षात विरेशनं कागदाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाला, "अव्वा, गोळ्या घे की वेळच्या वेळी. त्या भारीतल्या लिहून दिल्यात. दुधाचं ऱ्हाऊ दे."

"बाई म्हनल्या की, दही तरी घ्या."

"नवस हाय अव्वा. एवढी वर्सं पाळलास, आता मोडून काय करायलीस? नाचणी-बिचणी खा."

तो रस्त्याकडं बघत बोलत होता. मागच्या साली अक्कलकोट रोडला त्याची गाडी घसरली, हेल्मेटचे दोन तुकडे झाले आणि त्याला खरचटलंसुद्धा नाही. तेव्हा मल्लव्वा खाटेवरून म्हणाली होती, आईच्या नवसानं वाचलास बाबा. पोरगा डिप्लोमा झालेला, मोबाइलवर जगभराच्या बातम्या वाचणारा. पण रोज त्याच रस्त्यानं जायचं असतं ना त्याला. ईरम्मानं त्याचा चेहरा नीट पाहिला आणि तिला कळलं, पोरगं भ्यालंय. आईनं चमचाभर दही खाल्लं तर आपलं काही बरंवाईट होईल, असं त्याला वाटतंय. हिची हाडं राहोत नाही तर जावोत.

तिला पहिल्यांदा राग आला तो तिथं, रिक्षात. पोराचा. एवढ्या वर्षांत आला नव्हता असा राग, आणि त्याची तिलाच भीती वाटली.

त्या दुपारी तिनं नेहमीप्रमाणं मल्लव्वाचं दूध तापवलं. डाव्या हातानं. मल्लव्वाला रोज चार वाजता हळद घातलेलं पेलाभर दूध लागायचं. पाच मिनिटं उशीर झाला की खाटेची दांडी वाजायची. ईरम्मानं या घरात किती दूध तापवलं असेल? साय काढली, विरजण लावलं, लोणी काढलं, तूप कढवलं. बोटाला साय लागली की ती पदराला पुसायची. कधी चाटली नाही. एकदासुद्धा नाही. सासू घरात नसताना नाही, अंधारात नाही. कुणी बघत नसताना माणूस काय काय करतं, पण या वेडीनं केलं नाही, कारण तिकडं सिव्हिलमधलं ते खोल गेलेलं डोकं तिला दिसायचं.

दूध पाजता पाजता तिनं सासूला सांगितलं, डॉक्टर असं असं म्हणतात, नवस सोडवून घेता येईल का. मल्लव्वानं पेला संपवला, तोंड पुसून घेतलं आणि म्हणाली, "देवाचं हाय ते. मला काय इचारतीस?"

मग देवालाच विचारावं, असं ईरम्मानं ठरवलं.

देवाला विचारायचं म्हणजे वीरभद्रय्यांना विचारायचं. वीरभद्रय्या स्वामी हे त्यांच्या घराचे जंगम, म्हणजे पुरोहित; सगळे त्यांना अय्या म्हणत. लग्न, बारसं, जावळ, अंत्यविधी, सगळं त्यांच्या हातचं. आता तेही पंच्याऐंशीला टेकले होते आणि तळ्याच्या बाजूला मुलाकडं राहत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी अंकिताला सांगून, गळ्यात हात अडकवून, ईरम्मा एकटीच गेली. अय्या ओसरीवर बसले होते. तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा पाठीतून कळ निघाली. दोन मणके, तिनं मनात मोजले.

"अय्या, नवस सोडवून द्या मला. काय परायश्चित्त आसंल ते घेते."

"कसला नवस ग?"

"दुधाचा. विरेशच्या टायमाचा."

अय्यांनी चष्मा पुसला. आठवायला त्यांना वेळ लागला, आणि आठवल्यावर ते तिच्याकडं असे बघत राहिले की ईरम्माला वाटलं, काहीतरी अमंगळ बोललो आपण.

"तो नवस पाच वर्साचा व्हता की," ते म्हणाले. "जावळ काढस्तवरचा. तुज्या सासूनं माज्याम्होरंच बोलला व्हता. जावळाच्या दिवशी देवाम्होरं ठेवलेला दुधाचा तांब्या मी तिच्या हातात दिला. म्हनलं, सुनंला पाज, नवस फिटला."

ईरम्मा ओसरीच्या कडेला टेकली.

"मला कुनी सांगितलं न्हाई," ती म्हणाली.

"मला म्हाईत व्हतं तू दूध घेत न्हाईस ते. मला वाटलं, आपखुशीनं चालू ठेवलीस. बायका ठेवतात." म्हातारा हात चोळू लागला. "चारचौघांत तुजं नाव घ्यायचो मी. भक्ती बघा ईरम्माची म्हनायचो. मी इचाराय पायजे व्हतं पोरी. दर जत्रंला पाया पडाय यायचीस, एकदा तरी इचाराय पायजे व्हतं."

पायजे व्हतं, पायजे व्हतं. या दोन शब्दांवर बायकांचे जन्म निघून जातात, आणि बोलणारा मोकळा होतो.

परतताना ती तळ्याच्या कडेनं चालत आली. फेब्रुवारीचं ऊन, पण सोलापूरचं, आत्तापासूनच चटका देणारं. तिला तो तांब्या आठवला. काल घडल्यासारखा आठवला. जावळाच्या दिवशी शे-सव्वाशे माणूस जेवायला होतं आणि ती चुलीपुढं होती, घामानं भिजलेली. मल्लव्वा पितळेचा तांब्या घेऊन आत आली, तिच्या डोक्यावरून हात नेऊन फळीवर ठेवला, वर ताटली झाकली आणि म्हणाली, ह्याला हात लावू नको. संध्याकाळी त्याचं विरजण लागलं. दुसऱ्या दिवशी त्या दह्याची कढी झाली, दोन्ही दिरांनी वाट्या चाटूनपुसून खाल्ली. आणि तो तांब्या ईरम्मानं चिंच लावून घासला होता. स्वतःच्या हातानं. आता मोडलाय त्याच हातानं, लख्ख घासला होता.

त्याला तेहतीस वर्षं झाली.

घरी पोचली तेव्हा चार वाजून गेले होते आणि खाटेची दांडी वाजत होती. अंकिता दूध तापवत होती. ईरम्मानं तिच्या हातातून पेला घेतला आणि आत गेली. मल्लव्वानं हात पुढं केला. ईरम्मानं पेला दिला नाही. ती खाटेसमोरच्या स्टुलावर बसली.

"अत्ती, जावळाच्या दिवशी अय्यांनी तुमच्या हातात तांब्या दिलता."

मल्लव्वाचा हात तसाच हवेत राहिला, मग खाली आला. काही म्हणा, त्या म्हातारीनं वेड पांघरलं नाही. "दिलता," ती म्हणाली.

"माज्यासाठी."

"व्हय."

"मग?"

मल्लव्वानं नजर छताकडं नेली. मग बोलू लागली, सावकाश, भाजी निवडल्यासारखी एकेक गोष्ट बाजूला काढत. घरात म्हैस एक. खाणारी तोंडं किती, तर ईरम्माचा सासरा, शिवप्पा, दोन दीर, वाढतं पोर, वर आल्यागेल्याचा चहा. ईरम्माचं तोंड बाजूला झालं होतं, आणि पाच वर्षं त्यावर घर नीट चाललं होतं. म्हटलं, चालू दे अजून थोडे दिवस. ही विचारील तेव्हा सांगू.

"तू इचारलंच न्हाईस," मल्लव्वा म्हणाली. "रडल्याबिगर आई बी पाजत न्हाई ग. मी तर सासू. तू रडलीस कवा?"

"नंतर म्हशी दोन झाल्या. मग पिशवीचं दूध आलं. तवा?"

"तवर सवय पडली व्हती."

"कुनाला?"

"सगळ्यास्नी."

ईरम्मानं एकच गोष्ट आणखी विचारली. तिला ती विचारायचीच होती, नाही तर तिला पुढं जगता आलं नसतं. "मी मागितलं आसतं तर दिलं आसतं?"

खोटं बोलायला मल्लव्वाला काहीच हरकत नव्हती. एक 'व्हय' म्हणाली असती तर सून तिथंच विरघळली असती, सुनेचा स्वभाव तिला माहीत होता. पण ती म्हणाली, "न्हाई. मला तरी कुनी दिलं व्हतं?"

खाटेवर पडलेला तिचा तो देह, वाळक्या काटकीएवढे पाय, मोडलेला खुबा. हिलाही कुणी पाजलं नव्हतं. हे ईरम्माला दिसत नव्हतं असं नाही. पण दोघी सारख्याच नाडल्या गेल्या म्हणून राग निम्मा होत नसतो. उलट तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिला माहीत होतं, जिच्या स्वतःच्या हाडांना माहीत होतं, तिनंच ताटली झाकली? परक्यानं केलं असतं तर एक वेळ सोसलं असतं.

"मी तुमाला दोन वर्सं दूध पाजायलीय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण दारात उभी असलेली अंकिता मागं सरली. "दोन वर्सं तुमी रोज माज्या हातनं पेला घेतला आनि माज्या तोंडाकडं बगून पिलात. एक दिवस सांगाय काय झालं व्हतं?"

मल्लव्वानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

मग ईरम्मानं तो पेला स्वतःच्या तोंडाला लावला. सासूच्या समोर, तिच्याच पेल्यातून. कोमट, हळदीचं, गोडसर दूध. दोन घोट गेले. तिसरा घशाशी अडकला. अडतीस वर्षांत अंगाला त्या वासाची ओळखच राहिली नव्हती. जीभ उलटली. ती कशीबशी मोरीपर्यंत गेली आणि प्यालेलं सगळं ओकून टाकलं. अंकितानं पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला. पाणी ओतून तिनं मोरी स्वतःच धुतली. आणि मग तिथंच भिंतीला टेकून रडली. रडली म्हणजे हुंदके देऊन नाही. दातओठ खात, रागानं रडली. दूध मिळालं तर तेही आता अंग घेईना. देवानं काही मागितलं नव्हतं आणि माणसांनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

आतून मल्लव्वाचा आवाज आला, "एकदम घेऊ नको. दह्यापासून धर."

"तुमी आता शिकवू नका मला," ईरम्मा म्हणाली.

विरेश सात वाजता आला. अंकितानं त्याला दारातच सगळं सांगितलं असावं, कारण तो चप्पल घालूनच आत आला. नवस मोडलीस का, हे त्याचे पहिले शब्द. ईरम्मा म्हणाली, मोडला नाही, तू पाच वर्षांचा होतास तेव्हाच फिटला. तुझ्या अज्जीचं सांगायचं राहिलं. ते ऐकून विरेशचा चेहरा सैल झाला. सुटलो बुवा, असा. आईच्या तेहतीस वर्षांचं त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण ते नंतर. आधी सुटका वाटली, आणि ती ईरम्माला दिसली.

"जाऊ दे अव्वा," तो जवळ बसून म्हणाला. "अज्जीला आता काय बोलू नको. पिकलं पान हाय."

"मी काय कच्चं हाय व्हय रे?" ईरम्मा म्हणाली. "तुज्यासाठी सोडलं म्हनून मला कदी जड गेलं न्हाई. खरं सांगते. पन काल रिक्षात तू जे बोललास ना, ते जड गेलं. आईनं दही खाल्लं तर मरनार व्हतास तू?"

विरेशनं मान खाली घातली. तिनं त्याला सोपं करून दिलं नाही. एरवी दिलं असतं. डोक्यावरून हात फिरवला असता, जेवायला चल म्हणाली असती. त्या दिवशी ती उठली, वाटीभर दूध विरजायला घेतलं, डाव्या हाताच्या बोटानं विरजण कालवलं. मग ते बोट पदराकडं गेलं, अर्ध्यात थांबलं, आणि तिनं ते तोंडात घातलं. आंबट. हे चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकितानं एकटीनं भाकऱ्या केल्या. तिच्या थापट्यांत अजून जोर नव्हता, कडा जाड राहत होत्या, आणि दर चौथी भाकरी फुटत होती. तरी साडेनऊपर्यंत एक थप्पी झाली. ईरम्मा उंबऱ्यात बसली होती. उन्हात, बाह्या वर करून, डोक्यावरचा पदर खाली घेऊन. गल्लीतनं जाणाऱ्या दोघीतिघींनी वळून पाहिलं. शिवप्पाच्या माघारीसुद्धा तिला कुणी उघड्या डोक्यानं दारात बसलेलं पाहिलं नव्हतं. बघू देत म्हणाली ती मनाशी. हाडं काही त्यांची नाहीत.

मल्लव्वाचं सकाळचं सगळं आवरून झालं होतं. अंकिताला हाताशी घेऊन तिची आंघोळ, तिची पेज. त्यात ईरम्मानं काही कमी केलं नव्हतं आणि एक शब्दही बोलली नव्हती. दुपारी चारला तिचं दूधही जाणार होतं, वेळेवर. सासूनं जे केलं ते सासूला परत करायला ईरम्माला जमलं नसतं, आणि तिला ते करायचंही नव्हतं. पण माफ केलं असंही कुणी समजू नये.

अंकितानं ताट आणून पुढं ठेवलं. वाटीत रात्री लावलेलं दही, बाजूला कारळ्याची चटणी, दाट वरण. आणि रोजच्या सवयीनं टोपलीतले फुटक्या भाकरीचे चार तुकडे.

ईरम्मानं ते तुकडे उचलून ताटाबाहेर ठेवले. मग ती उठली, पाठीला हात लावत, सावकाश. चुलीजवळ गेली, बांधायच्या थप्पीवरची सगळ्यांत गोल, सगळ्यांत पातळ भाकरी निवडली आणि घेऊन आली.

"मम्मी," अंकिता गडबडून म्हणाली, "ती हॉटेलची हाय."

"म्हाईत हाय."

प्लास्टरचा हात तिनं भाकरीवर दाबून धरला आणि डाव्या हातानं तिची कड वर उचलली. कट्ट आवाज झाला, शांत घरात चांगला मोठा.

आतल्या खोलीतून मल्लव्वानं विचारलं, "काय मोडलं ग?"

ईरम्मानं तुकडा दह्यात बुडवला.

"भाकरी," ती म्हणाली. "जेवायलीय मी."